एक लाखाचे ‘निरामय’ : विशेष मुलांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे परीक्षण

राष्ट्रीय न्यास या केंद्राच्या वैधानिक संस्थेची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आमच्या घरात गेली काही वर्षे आहे. माझ्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे आणि तिच्या जोडीला बौद्धिक अक्षमताही आहे. मुलाचे नुकतेच निदान झालेले पालक भेटले की थेरपी कुठे मिळेल हे आधी विचारतात आणि लगेच निरामय काढावी का हे विचारतात. माझे उत्तर असे, की योजना अवश्य काढावी, तिचे नूतनीकरण एकदाही चुकवू नये, पण वर्षाच्या खर्चाची आखणी करताना तिच्यावर विसंबू नये. योजनेची रचना मुलांची स्थिती नीट समजून केलेली आहे. तिच्यामागची रक्कम मात्र केंद्राच्या आणि राज्याच्या अर्थसंकल्पात या मुलांना कोणते स्थान आहे त्यावर ठरते, आणि ते स्थान फार खालचे आहे. म्हणून या परीक्षणात पॉलिसीइतकेच तिच्यामागच्या कायद्यांबद्दल आणि तरतुदींबद्दलही लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी योजनेत काय मिळते ते पाहू. दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा), बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता यांपैकी कशाचीही नोंद असेल, तर कोणत्याही वयाच्या व्यक्तीला वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. पहिल्या नोंदणीसाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० आणि इतरांना ५०० रुपये भरावे लागतात, तर नूतनीकरणासाठी हीच रक्कम अनुक्रमे ५० आणि २५० रुपये आहे. विम्याआधी वैद्यकीय तपासणी होत नाही, वय वाढले म्हणून हप्ता वाढत नाही, आणि जन्मापासून असलेली स्थिती ‘आधीपासूनचा आजार’ ठरवून वगळली जात नाही. खासगी कंपनीच्या मेडिक्लेमचा अर्ज भरताना मुलाच्या निदानाचा उल्लेख केल्याबरोबर पुढची बोलणी थांबल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या शेवटच्या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको. विमा नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रत्येक आरोग्य विमा कंपनीला दिव्यांग व्यक्तींसाठी पॉलिसी उपलब्ध करून देण्याचे निर्देश दिले, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तरीही इतक्या कमी पैशांत आणि इतक्या कमी अटींवर मिळणारा दुसरा विमा मला आजवर आढळलेला नाही.

योजनेचा खरा गुण तिच्या बाह्यरुग्ण विभागात आहे. आमच्या मुलांना वारंवार शस्त्रक्रिया लागत नाहीत आणि ती रुग्णालयात फारशी भरतीही होत नाहीत. त्यांचा खर्च आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे चालणारा असतो. ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतः करायला शिकवणारी), स्पीच थेरपी, फिजिओथेरपी, वर्तनविषयक मार्गदर्शन, फिट्सची औषधे, दातांची तपासणी या सगळ्यासाठी मुलाला कधीच दाखल करावे लागत नाही, पण या गोष्टींखेरीज त्याचे चालणे, बोलणे, जेवणे आणि शांत झोपणे कठीण होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये झाला. तो चांगलाच आहे, पण ती योजना ठरावीक उपचारांची आणि मुख्यतः भरती रुग्णांची आहे. भरती न होता वर्षभर थेरपीला जाणाऱ्या मुलाचा त्या पाच लाखांशी क्वचितच संबंध येतो. निरामय मात्र थेरपीचा, बाहेरच्या औषधांचा, पर्यायी चिकित्सेचा आणि अगदी प्रवासाचाही खर्च देण्यायोग्य मानते. ही योजना आखणाऱ्यांनी पालकांचे म्हणणे ऐकले होते, हे त्यातून दिसते.

त्याला इतिहासही आहे. पालक संघटनांनी वर्षानुवर्षे केलेल्या मागणीतून १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला. ‘आमच्या पश्चात या मुलांचे काय’ हा प्रश्न त्या मागणीच्या मुळाशी होता, आणि संसदेने तो मान्य करून या चार दिव्यांगत्वांसाठी स्वतंत्र वैधानिक संस्था उभी केली. न्यासाला केंद्र सरकारने १०० कोटी रुपयांचा एकरकमी निधी द्यावा आणि त्याच्या उत्पन्नातून या व्यक्तींना पुरेसे राहणीमान मिळावे, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. हेतू उदात्त आहे, पण हिशेब मांडला की मन खट्टू होते. सात टक्के व्याज धरले तर १०० कोटींवर वर्षाला सात कोटी रुपये येतात. २०११ च्या जनगणनेत एकट्या बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यात देशभरात १५ लाख ५ हजारांहून अधिक व्यक्तींची नोंद आहे. त्यांच्यात ही रक्कम वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला पन्नास रुपयेही येत नाहीत, आणि त्या जनगणनेत स्वमग्नतेची वेगळी गणनाच झालेली नव्हती. साहजिकच, निरामयसारखी योजना चालवायची तर मूळ निधीचे व्याज पुरत नाही आणि दरवर्षीच्या सरकारी अनुदानाकडे पाहावे लागते. कायद्याने संस्था कायमची दिली, पण तिची पुंजी वाढत राहील अशी व्यवस्था केली नाही, हा माझ्या मते या संपूर्ण रचनेतील पहिला आणि सर्वांत मोठा दोष आहे.

दुसरा दोष याच दोषातून निर्माण होतो. योजना २००८ साली सुरू झाली तेव्हा मर्यादा एक लाख रुपये होती आणि आजही ती एक लाखच आहे. एका लाखाच्या आत प्रत्येक बाबीला वेगळी पोटमर्यादा असते, त्यामुळे रुग्णालयाच्या वाट्याची न वापरलेली रक्कम थेरपीकडे वळवता येत नाही. सुरुवातीच्या वाटणीत ७०,००० रुपये रुग्णालयातील उपचारांसाठी, १०,००० रुपये सततच्या थेरपीसाठी आणि १,००० रुपये प्रवासासाठी होते. पुढे ही वाटणी बदलून थेरपीचा हिस्सा वाढवण्यात आला, हे योग्यच झाले. परंतु एकूण आकडा तोच राहिल्यामुळे एका हिश्श्यात घातलेले पैसे दुसऱ्या हिश्श्यातूनच काढावे लागले. थेरपीच्या एका सत्राला ५०० रुपये धरले आणि आठवड्याला तीन सत्रे धरली, तर वर्षाचा खर्च ७५,००० रुपयांच्या घरात जातो. पुण्या-मुंबईत ५०० रुपयांत सत्र मिळणे आता अवघड झाले आहे. अनेक पालक मग आठवड्याच्या तीन सत्रांवरून एकावर येतात. थेरपी विरळ झाली की मुलाने मोठ्या कष्टाने कमावलेले कौशल्य मागे पडू लागते, आणि ते पुन्हा मिळवताना त्याची व घरच्यांची होणारी ओढाताण कोणत्याही दाव्याच्या अर्जात लिहिता येत नाही.

सेवेच्या अनुभवाबद्दल सांगायचे, तर नोंदणी तुलनेने सोपी आहे. दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशपातळीवरील ओळखपत्र), पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा तपशील आणि लागू असल्यास दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला इतकी कागदपत्रे लागतात. न्यासाकडे नोंदणी असलेल्या स्वयंसेवी संस्थेमार्फत अर्ज केला तर पुष्कळसे काम त्या संस्थेतील कार्यकर्तेच करून देतात, आणि आम्हाला असे मनापासून काम करणारे लोक भेटले. अडचण दाव्यापासून सुरू होते. योजना परताव्याची आहे, म्हणजे उपचाराचे पैसे आधी आपण भरायचे आणि मूळ पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी व दाव्याचा अर्ज पाठवून नंतर ते परत मिळवायचे. आमचा एक दावा थेरपिस्टच्या पावतीवर नोंदणी क्रमांक नसल्यामुळे परत आला, आणि दुसऱ्या एका दाव्याचे पैसे इतक्या उशिरा जमा झाले की तोवर पुढच्या वर्षाच्या नूतनीकरणाची वेळ आली होती. दरम्यान कोणाकडे विचारणा करायची हे स्पष्ट नव्हते. विमा कंपनीची दावे तपासणारी यंत्रणा संस्थेकडे बोट दाखवते, संस्था न्यासाच्या संकेतस्थळाकडे, आणि पालक दोन्हीकडे फोन करत राहतात.

आमच्यासारख्या पगारदार कुटुंबाला हा उशीर त्रासदायक असला तरी सोसता येतो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाचे तसे नाही. ज्या आईकडे सत्राचे ५०० रुपये आधी भरायलाच नाहीत, तिला ते तीन-चार महिन्यांनी परत मिळण्याचा काय उपयोग? दारिद्र्यरेषेखालील कुटुंबासाठी हप्ता ५० रुपयांवर आणून ठेवायचा आणि लाभ घेण्यासाठी मात्र हजारो रुपये आधी खर्च करायला लावायचे, ही विसंगती धोरण ठरवणाऱ्यांच्या लक्षात यायला हवी होती. किमान थेरपीसाठी तरी रोखरहित व्यवस्था व्हावी, नोंदणीकृत थेरपी केंद्रांना थेट पैसे मिळावेत, ही पालकांची मागणी पूर्णपणे रास्त आहे. तालुक्याच्या गावी स्पीच थेरपिस्ट नसतो, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते. मुलासोबत आईची किंवा वडिलांची मजुरी बुडते. एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, पण बुडालेल्या मजुरीची भरपाई कोणत्याही पोटमर्यादेत बसत नाही.

आता कायद्याकडे वळते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याने मान्य दिव्यांगत्वांची संख्या सातवरून एकवीसवर नेली. त्याचे कलम २४ सामाजिक सुरक्षेविषयी आहे आणि प्रत्येक पालकाने ते एकदा तरी वाचावे. दिव्यांगांसाठीच्या साहाय्याची रक्कम इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावी, असे हे कलम स्पष्टपणे सांगते. दिव्यांगत्व निवृत्तिवेतन, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता आणि इतर कोणत्याही सरकारी विम्यात न येणाऱ्यांसाठी सर्वसमावेशक विमा योजना यांचाही त्यात उल्लेख आहे. पण हे सारे सरकारने आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत करायचे आहे, असे त्याच कलमाच्या आरंभी लिहिलेले आहे. या एका शब्दयोजनेमुळे हक्काचा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेतून अर्थ खात्याच्या टेबलावर जातो. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालील प्रौढ व्यक्तीला महिन्याला ३०० रुपये मिळतात. ही रक्कम २०१२ साली ठरली आणि त्यानंतर कायदा नवा आला तरी ती बदलली नाही. केंद्राने या मुलांच्या बाबतीत केलेली एक चांगली गोष्टही नोंदवली पाहिजे. २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात निरामयच्या हप्त्यावरील सेवाकर माफ करण्यात आला आणि वस्तू व सेवा कर आल्यावरही ही सूट कायम राहिली. भाषणातील एका वाक्याने न्यासाचे पैसे वाचले. इच्छा असेल तर अर्थसंकल्प काय करू शकतो, याचे ते उदाहरण आहे.

महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन करण्याचा निर्णय घेतला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला १,००० रुपये मिळत होते, ते २०२३ मध्ये १,५०० झाले. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे उपोषण केले, तेव्हा दिव्यांगांचे मानधन ६,००० रुपये करावे ही त्यांची एक मागणी होती. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी रक्कम २,५०० रुपये केली. साधारण पावणेपाच लाख लाभार्थ्यांना महिन्याला १,००० रुपये जास्त द्यायचे म्हणजे वर्षाला ५७० कोटींची वाढीव तरतूद लागते. इतर लाभार्थ्यांना १,५०० आणि दिव्यांगांना २,५०० हा फरक कलम २४ मधील २५ टक्क्यांच्या अटीहून अधिक आहे, आणि त्याचे श्रेय सरकारला द्यायला हवे. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती आहेत आणि लाभ पावणेपाच लाखांपर्यंतच पोहोचतो. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये ठेवल्यामुळे, आई-वडिलांपैकी एकाला जरी नियमित काम असले तरी घर अपात्र ठरते. प्रौढ झालेल्या, स्वतःचे कोणतेही उत्पन्न नसलेल्या मुलाला वडिलांच्या पगारावर मोजणे मला मुळातच अन्यायाचे वाटते.

निरामयच्या बाबतीत राज्याला काय करता येईल, याचे उत्तर केरळमध्ये आहे. तिथे लाभार्थ्यांच्या वाट्याचा हप्ता राज्य सरकार भरते, आणि अंथरुणाला खिळलेल्या किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्याला ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून महिन्याला ६०० रुपये मिळतात. ही रक्कम थोडी आहे, पण काळजी घेणे हे काम आहे, एवढे ती मान्य करते. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमतेची नोंद १ लाख ६० हजार २०९ व्यक्तींची आहे. त्या सर्वांचे प्रत्येकी ५०० रुपये राज्याने भरले तरी खर्च आठ कोटींच्या आसपास येतो. स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांचा समावेश करून हा आकडा दुप्पट धरला तरी सोळा कोटी. यातून प्रत्येक कुटुंबाचे केवळ ५०० रुपये वाचणार नाहीत. सरकार हप्ता भरणार असेल तर अंगणवाडी सेविका, आशा ताई आणि विशेष शिक्षक या मुलांची नोंदणी करून घेतील, आणि आज योजनेचे नावही न ऐकलेल्या वाड्या-वस्त्यांतील मुले तिच्यात येतील. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो मार्चअखेरीस घाईने वस्तुवाटपावर खर्च होतो. तोच निधी थेरपिस्टच्या मानधनासाठी किंवा निरामयच्या हप्त्यासाठी वापरा, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो आणि पालकांनी तो मांडावा.

कर भरणाऱ्या पालकांसाठी एक मुद्दा थोडक्यात. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-डीडीनुसार दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, आणि २०२३-२४ पासून आपण वेगळे कळवले नाही तर नवी प्रणालीच लागू होते. दोन्ही प्रणालींत कर किती येतो ते मांडून पाहिल्याशिवाय निवड करू नये.

आणखी एका तरतुदीमुळे मला ही योजना आपली वाटते. ज्या व्यक्तीला नैसर्गिक आई-वडिलांखेरीज कायदेशीर पालक नेमलेला आहे, तिच्या नोंदणीला शुल्क नाही. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते प्रौढ होते आणि बँक, रुग्णालय, मालमत्ता अशा प्रत्येक ठिकाणी आई-वडिलांचा अधिकार प्रश्नांकित होतो. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती अशा व्यक्तीसाठी पालक नेमते. न्यायालयाच्या पायऱ्या न चढता ही नेमणूक होते, ही कायद्याची मोठी देणगी आहे. मात्र समितीची बैठक नियमित झाली तरच तिचा उपयोग, आणि अनेक जिल्ह्यांतील पालकांना अर्ज देऊन महिनोन्महिने थांबावे लागते. मुलगा सतरा वर्षांचा होताच कागदपत्रांची तयारी सुरू करावी, असे मी सर्वांना सांगते. आई-वडील हयात असताना झालेली ही नेमणूक त्यांच्या पश्चात भावंडाला किंवा नातेवाइकाला पुष्कळ त्रासातून वाचवते.

योजनेचे गुण द्यायचे झाले, तर रचनेसाठी पाचपैकी साडेचार, दाव्यांच्या सेवेसाठी दोन आणि रकमेसाठी दीड. ज्यांना योजना काढायची आहे, त्यांनी आपल्या जवळच्या नोंदणीकृत संस्थेत आधी दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरील वर्गवारी तपासून घ्यावी, कारण चार दिव्यांगत्वांपैकी एकाचाही स्पष्ट उल्लेख नसेल तर अर्ज अडतो. अध्ययन अक्षमता किंवा स्नायूंचा क्षय असलेली मुले २०१६ च्या कायद्यात आहेत, पण निरामयमध्ये नाहीत. पॉलिसीचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते, त्यामुळे नूतनीकरण फेब्रुवारीतच उरकावे. थेरपिस्टकडून प्रत्येक वेळी तारीख, सत्रांची संख्या, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती घ्यावी, मूळ पावती पाठवण्यापूर्वी तिची छायाप्रत ठेवावी आणि दावा साठवून न ठेवता उपचारानंतर लगेच पाठवावा. दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागावे आणि राष्ट्रीय न्यासाकडे, तसेच राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करावी. आपल्या आमदारांना अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी भेटणे शक्य असेल, तर निरामयचा हप्ता राज्याने भरावा आणि उत्पन्नाची ५०,००० रुपयांची मर्यादा वाढवावी, या दोन मागण्या वर दिलेल्या हिशेबासह लेखी द्याव्यात.